थरचे थर : वाळवंटी महामार्गांवरील भूशास्त्र आणि त्याच्या मार्गदर्शिका

ऑगस्ट २०२३ मध्ये जैसलमेरहून आलेली एक बातमी देशभरच्या विज्ञानवार्तांत झळकली. रुरकीची भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांच्या संशोधकांनी सुमारे १६.७ कोटी वर्षांपूर्वीच्या एका शाकाहारी डायनोसॉरच्या अवशेषांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि थरच्या वाळवंटावरून त्याचे नाव ठेवले ‘थारोसॉरस इंडिकस’. अशी बातमी वाचताना एक साधा प्रश्न मनात यावा. एवढ्या विस्तीर्ण वाळवंटात नेमके कुठे पाहायचे, हे संशोधकांना कळते कसे?

याचे उत्तर सुमारे दीडशे वर्षांच्या वाटेवरच्या नोंदींमध्ये दडलेले आहे. कोणत्या गावापाशी कोणता खडक उघडा पडला आहे, तो कोणत्या दिशेला कललेला आहे, त्यात शंखशिंपले आहेत की झाडाचे खोड, याच्या नोंदी एका पिढीने लिहिल्या, दुसरीने तपासल्या आणि तिसरीने दुरुस्त केल्या. या नोंदींतूनच एक स्वतंत्र लेखनप्रकार घडत गेला : प्रवासाच्या वाटेवर दिसणाऱ्या भूशास्त्राची मार्गदर्शिका. तिचे स्वरूप साधे असते. अमुक मैलाचा दगड, अमुक बाजू, अमुक खडक, आणि तो का पाहावा याचे दोन-चार ओळींत कारण. वरवर पाहता हे प्रवाशांच्या सोयीचे पुस्तक वाटते. त्याचे खरे मोल मात्र वेगळे आहे.

मी भौतिकशास्त्राचा अभ्यासक आहे. आमच्या विषयात पडताळणीला पत्ता लागत नाही. लंबक पुण्यात झुलवला काय किंवा टोकियोत झुलवला काय, स्थानिक गुरुत्वाचा अल्पसा फरक हिशेबात धरला की नियम तोच मिळतो. भूशास्त्राचे तसे नाही. एखाद्या काळी इथे समुद्र होता, या विधानाचा पुरावा एका विशिष्ट टेकडीच्या विशिष्ट उतारावर, दोन-चार मीटर जाडीच्या थरात असतो. खडक उघडा दिसतो त्या जागेला भूशास्त्रात ‘दृश्यांश’ म्हणतात. तो दृश्यांश नाहीसा झाला, तर विधान उरते आणि पडताळणी संपते. म्हणून मार्गदर्शिका ही विज्ञानाची पत्त्यांची वही आहे. शंका असेल त्याने इथे येऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, असे ती सांगते. ही वही कोणी लिहिली, कोणासाठी लिहिली आणि आज ती कोणाच्या हाती आहे, हा या लेखाचा विषय आहे.

उंटाच्या चालीने लिहिलेले भूशास्त्र

थरच्या भूमीचे वाचन युरोपीय सर्वेक्षकांच्या आधीपासून चालत आले होते, हे प्रथम सांगायला हवे. वाळूखाली काही ठिकाणी जिप्सम किंवा चिकणमातीचा अभेद्य पट्टा असतो. पावसाचे पाणी त्यावर अडते आणि खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. या अडलेल्या ओलाव्याला तिथे ‘रेजाणी पाणी’ म्हणतात आणि ते मिळवण्यासाठी अरुंद तोंडाच्या ‘कुंई’ खणतात. अनुपम मिश्र यांनी १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘राजस्थान की रजत बूंदें’ या हिंदी पुस्तकात ही सारी विद्या नोंदवली आहे. कोणत्या गावाखाली असा पट्टा आहे आणि कोणत्या गावाखाली नाही, हे तिथल्या लोकांना ठाऊक होते. ती त्यांची मार्गदर्शिकाच होती. फक्त ती कागदावर नव्हती आणि तिच्यात चूक झाल्यास तहानेने किंमत मोजावी लागे.

कागदावरची नोंद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील विल्यम टॉमस ब्लॅनफर्ड यांनी सिंध आणि राजपुताना यांच्यामधील वाळवंटाच्या भूशास्त्रावरील टिपणे १८७७ मध्ये प्रसिद्ध केली. त्यानंतर १८८०च्या दशकात रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी जैसलमेर संस्थानाची पाहणी केली. १९०२ मध्ये टी. एच. डी. ला टूश यांचा पश्चिम राजपुतान्याच्या भूशास्त्रावरील विस्तृत प्रबंध सर्वेक्षणाच्या ग्रंथमालेत निघाला.

या लेखनामागचा हेतू शुद्ध जिज्ञासेचा होता असे म्हणता येणार नाही. ओल्डहॅम यांच्या जैसलमेरमधील कामाचे एक उघड उद्दिष्ट कोळशाचा शोध हे होते, आणि त्यामागचा तर्क समजून घेण्यासारखा आहे. ओडिशातील तालचीर येथे चिखलात रुतलेल्या मोठमोठ्या गोट्यांचा एक विलक्षण थर आहे. तो प्राचीन बर्फाने आणून टाकला असावा, हा विचार १८५६ मध्ये मांडणाऱ्यांत ब्लॅनफर्ड बंधू होते. पूर्व भारतात या थराच्या वर कोळशाचे थर येतात. तशाच प्रकारचा थर पश्चिम राजपुतान्यात दिसल्यावर त्याच्या आसपास कोळसा असेल, ही आशा स्वाभाविक होती. पूर्व भारतासारखा कोळसा जैसलमेरात मिळाला नाही. बिकानेरजवळ पलाना येथे लिग्नाइट सापडले, पण ते कितीतरी नंतरच्या काळातले. कोळशाची आशा फसली. तिच्या निमित्ताने झालेल्या नोंदी मात्र उरल्या.

या ओल्डहॅम यांचे नाव भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना दुसऱ्याच कारणाने माहीत असते. १८९७च्या आसाम भूकंपाच्या नोंदींतून त्यांनी भूकंपलहरींचे प्रकार वेगळे ओळखले आणि १९०६ मध्ये पृथ्वीला गाभा असल्याचा पुरावा मांडला. पृथ्वीच्या अंतरंगापर्यंत पोहोचलेली ही नजर त्याआधी जैसलमेरच्या टेकड्यांवर थरामागून थर नोंदवत होती.

या सर्वेक्षकांनी खडकांना नावे दिली ती वाटेवरच्या गावांची आणि परगण्यांची. मारवाडातील मालाणी परगण्यावरून ‘मालाणी’ हे ज्वालामुखीजन्य खडकांचे नाव झाले. लाठी, जैसलमेर, बैसाखी, भादासर, हाबूर ही गावांची नावे जुरासिक आणि क्रिटेशस काळातील खडकांच्या गटांना मिळाली. त्यामुळे आज त्या भागातून जाणाऱ्याला रस्त्याकडेच्या गावांच्या पाट्या म्हणजे कालपटाची अनुक्रमणिकाच वाटू शकते. मराठी वाचकाला तर ‘थर’ या शब्दातच हा योगायोग भेटतो : वाळवंटाचे नाव थर, आणि त्याच्या पोटात दडलेले तेही थरच.

तरीही या प्रबंधांना मार्गदर्शिका म्हणता येत नाही. ते सरकारसाठी लिहिलेले होते. त्यांची भाषा इंग्रजी होती आणि वाचकाने स्वतः जागेवर जावे अशी त्यांची अपेक्षाही नव्हती. पत्ते लिहिले गेले होते. पण ती वही दफ्तरात होती.

खिडकीतून दिसणारे खडक

वही प्रवाशाच्या हाती देण्याचा मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे पनामा कालव्याच्या निमित्ताने जागतिक प्रदर्शन भरले. पूर्वेकडून लाखो प्रवासी रेल्वेने पश्चिमेला जाणार, हे ओळखून तिथल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने पश्चिम अमेरिकेच्या चार रेल्वेमार्गांवर चार मार्गदर्शिका काढल्या. त्यांपैकी सांता फे मार्गावरची मार्गदर्शिका एन. एच. डार्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. हा मार्ग न्यू मेक्सिको, अॅरिझोना आणि मोहावीचे वाळवंट ओलांडून जातो. लोहमार्गाच्या दोन्ही अंगांचा प्रदेश दाखवणारे नकाशे त्यात होते आणि स्थानकांच्या क्रमाने डावी-उजवीकडच्या टेकड्यांचे वर्णन होते.

भूशास्त्राच्या लेखनात या पुस्तकांनी एक मूलभूत बदल केला. तोवरचे ग्रंथ काळाच्या क्रमाने चालत : सर्वांत जुना खडक प्रथम, सर्वांत नवा शेवटी. मार्गदर्शिका मात्र अंतराच्या क्रमाने चालते. गणिताच्या भाषेत सांगायचे तर अंतर हा स्वतंत्र चल होतो आणि काळ त्याचे फलन. तेही असे, की जागोजागी तुटणारे, मागे वळणारे आणि मधेच कोटीकोटी वर्षांची उडी घेणारे. प्रवाशाच्या समोर खडक ज्या अस्ताव्यस्त क्रमाने येतात, त्याच क्रमाने त्यांची संगती लावून दाखवायची, हे या प्रकारातले खरे कौशल्य.

पुढे प्रवास रेल्वेतून मोटारीत आला. न्यू मेक्सिकोच्या भूवैज्ञानिक संस्थेने १९५० पासून आपल्या वार्षिक क्षेत्रसहलींच्या मार्गदर्शिका काढल्या. मैलागणिक नोंद हा त्यांचा कणा. १९७२ मध्ये मोंटाना विद्यापीठातील डेव्हिड अल्ट आणि डोनाल्ड हाइंडमन या प्राध्यापकांनी उत्तर रॉकी पर्वतराजीवर, रस्त्याच्या कडेने दिसणाऱ्या भूशास्त्राचे पुस्तक लिहिले. ते सामान्य मोटारचालकासाठी होते, आणि त्यातून राज्याराज्यांवरच्या पुस्तकांची मालिकाच उभी राहिली. हाल्का क्रॉनिक यांचे अॅरिझोनावरचे पुस्तक १९८३ चे.

वाळवंटी प्रदेशांना हा प्रकार विशेष मानवला, त्याला कारण आहे. कोकणात खडक पाहायचा तर जांभा, माती आणि हिरवाई बाजूला सारावी लागते. सह्याद्रीत पावसाळ्याचे चार महिने कडाही हिरव्या पांघरुणाखाली जातो. वाळवंटात हे पांघरूण नसते. वाळू जिथे साचली आहे तिथे ती सारे झाकते; पण जिथे नाही, तिथे डोंगराची शीर न् शीर दिसते. शिवाय सरळ, मोकळा रस्ता दहा किलोमीटरवरची टेकडीही नजरेत आणतो. वेगाने जाणाऱ्या माणसालाही वाचता येईल एवढे मोठे अक्षर निसर्गाने इथे काढलेले असते.

एक नमुना : जोधपूर ते जैसलमेर

अशा मार्गदर्शिकेत काय असते, हे एका भारतीय रस्त्यावरूनच पाहू. जोधपूरहून पोकरणमार्गे जैसलमेर हा पाच-सहा तासांचा प्रवास आहे.

आरंभ मेहरानगडच्या पायथ्याशी करावा. १४५९ मध्ये राव जोधा यांनी पायाभरणी केलेला हा किल्ला ज्या टेकडीवर उभा आहे, ती मालाणी खडकांची आहे. सुमारे ७५ कोटी वर्षांपूर्वी या प्रदेशात ज्वालामुखींचे प्रचंड उद्रेक झाले. त्यांतून बाहेर पडलेला रायोलाइट आणि तप्त राख एकजीव होऊन बनलेला टफ हे खडक पश्चिम राजस्थानात हजारो चौरस किलोमीटरांवर पसरले आहेत. त्यांच्यावर जोधपूरचा वालुकाश्म विसावला आहे, ज्याच्या चिऱ्यांनी किल्ला आणि शहर घडले. दोहोंच्या सीमेवर बोट ठेवले, तर बोटाखाली दहा कोटींहून अधिक वर्षांची पोकळी येते. त्या काळाचा एकही थर इथे शिल्लक नाही. अशा सीमेला भूशास्त्रज्ञ ‘विसंगती’ म्हणतात. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ही सीमा आणि इथला टफ या दोहोंना राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित केले आहे. किल्ला पाहायला येणारा प्रवासी बुरुजांची छायाचित्रे घेतो. बुरुजाखालचा पुरावा बुरुजाहून लाखोपटींनी जुना आहे.

पुढे बालेसरच्या बाजूला वालुकाश्माच्या खाणी लागतात. खाणीचा उभा कडा हा उत्तम दृश्यांश असतो. प्राचीन प्रवाहांनी वाळू आणून टाकताना कलती पाती कशी रचली, हे तिथे स्पष्ट दिसते. मात्र खाण पुढे सरकत राहते, आणि आज दिसणारा कडा पुढल्या वर्षी तोच नसतो.

पोकरण म्हटले की भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला १८ मे १९७४ हा दिवस आठवतो, आणि मग मे १९९८. भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला तेच नाव एका जुन्या वादाची आठवण देते. पोकरणपाशी मालाणीचे खडक पुन्हा डोके वर काढतात आणि त्यांच्या लगत गोलाश्मांचा, म्हणजे मोठ्या गोट्यांचा, एक थर आहे. इथून ईशान्येस फलोदीच्या पलीकडे बाप नावाचे गाव लागते. तिथेही गोलाश्मांचा थर आहे. बापच्या गोट्यांवर घासल्याच्या समांतर रेघा आणि सपाट झालेल्या बाजू आढळतात. हिमनदीच्या तळाशी अडकून फरपटत आलेल्या दगडांची ही ओळख. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी भारत दक्षिणेकडील गोंडवन खंडाचा भाग असताना इथे बर्फ पोहोचला होता, याची ही साक्ष आहे. आज जिथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तिथे! पोकरणचा थर मात्र बापच्याच वयाचा की त्याहून कितीतरी जुना, यावर अभ्यासकांत दीर्घ काळ मतभेद राहिले. नुसत्या रूपसाम्यावर भरवसा ठेवता येत नाही, हा धडा हे दोन दृश्यांश शेजारी ठेवले की मिळतो. म्हणून दोन्हींचे पत्ते जपायला हवेत.

पोकरण सोडून पश्चिमेला निघाल्यावर लाठी, चांदन आणि थईयात ही गावे क्रमाने येतात. लाठीच्या नावाचा वालुकाश्म जुरासिक काळाच्या आरंभीच्या नद्या आणि किनाऱ्यांचा आहे. याच सच्छिद्र वालुकाश्मात गोडे भूजल साठलेले आहे आणि चांदनची नलिकाविहीर त्यासाठी नावाजलेली आहे. हजारो वर्षांपूर्वी मुरलेले पाणी, कोटीकोटी वर्षांपूर्वीच्या वाळूत. खडकाचे वाचन करणारा वाळवंटात पाण्याचेही वाचन करतो, हे कुंई खणणाऱ्यांचे ज्ञान इथे आधुनिक रूपात पुन्हा भेटते.

जैसलमेरला पोहोचेपर्यंत समुद्र आलेला असतो. ११५६ मध्ये वसलेल्या या शहराचा आणि किल्ल्याचा पिवळा दगड मध्य जुरासिक काळातील उथळ सागराची देणगी आहे. त्यात शिंपल्यांचे जीवाश्म आढळतात. शहरापासून बाडमेरच्या रस्त्यावर सुमारे १७ किलोमीटरवर आकल येथे दगड झालेल्या वृक्षांची खोडे उघड्यावर पडलेली आहेत. ज्या भूमीवर आज सावली दुर्मीळ आहे, तिथे एके काळी अरण्य होते, याचा हा पुरावा कुंपण घालून जपला आहे.

ज्वालामुखी, बर्फ, नदी, अरण्य, समुद्र आणि आता वाळू. एका दिवसाच्या प्रवासात एवढी रूपांतरे दाखवणारे रस्ते जगात विरळाच.

वही उघडली की काय होते

स्वतंत्र भारतात मार्गदर्शिका लिहिल्या गेल्या त्या प्रामुख्याने परिषदांच्या निमित्ताने. डिसेंबर १९६४ मध्ये आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक काँग्रेसचे बाविसावे अधिवेशन नवी दिल्लीत भरले. प्रतिनिधींना देशाच्या निरनिराळ्या भागांत नेण्यासाठी क्षेत्रसहली आखल्या गेल्या आणि त्यांच्या पुस्तिका तयार झाल्या. २०२० मध्ये हे अधिवेशन पुन्हा दिल्लीत व्हायचे होते. करोनाच्या साथीमुळे ते लांबले आणि अखेर मार्च २०२२ मध्ये दूरदृश्य पद्धतीने पार पडले. पाहुणे आलेच नाहीत. खडकांना मात्र पडद्यावर येता येत नाही.

या दोहोंच्या मध्ये, जानेवारी २०१४ मध्ये, जुरासिक प्रणालीवरील नववी आंतरराष्ट्रीय परिषद जयपूरला झाली. तिच्या सहली कच्छ आणि जैसलमेर या दोन्ही खोऱ्यांत गेल्या आणि त्यासाठी थरवार वर्णनांच्या मार्गदर्शिका सिद्ध करण्यात आल्या. या परिषदेच्या निमित्ताने जैसलमेरला आलेल्या परदेशी आणि भारतीय अभ्यासकांना थईयातच्या कड्यावर डायनोसॉरच्या पावलांचे ठसे दिसले. पोलंडचे ग्रेगोश पिएन्कोव्स्की, स्लोव्हाकियाचे यान श्ल्योगल, भारताचे डी. के. पांडे आणि त्यांचे सहकारी यांनी त्यांचे वर्णन २०१५ मध्ये प्रसिद्ध केले.

या घटनेचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. थईयातची टेकडी अज्ञात नव्हती. ती जैसलमेरच्या हमरस्त्यालगत आहे आणि तिच्या थरांचा अभ्यास आधीच झालेला होता. नव्या डोळ्यांना योग्य जागी उभे करण्याचे काम वाटेच्या नोंदींनी केले, आणि त्या डोळ्यांना नोंदीत नसलेले काही दिसले. उत्तम मार्गदर्शिकेची हीच कसोटी आहे : आपल्या पानांवर नसलेली गोष्ट ती वाचकाला सापडू देते. २०२३ च्या थारोसॉरसमागेही थर ओळखण्याची, त्यांचे वय ठरवण्याची आणि त्यांच्या सीमा आखण्याची हीच परंपरा आहे.

वाळूचीही आता मार्गदर्शिका होऊ शकते. पूर्वीच्या सर्वेक्षकांना वाळू म्हणजे खडक झाकणारा अडथळा वाटे. भौतिकशास्त्राने त्या वाळूला वाचा दिली. क्वार्ट्झचा कण वाळूखाली गाडला गेला की भोवतालच्या नैसर्गिक किरणोत्सारामुळे त्याच्या स्फटिकातील सापळ्यांत इलेक्ट्रॉन अडकत जातात. सूर्यप्रकाश लागला की हे सापळे रिकामे होतात. अंधारात जपून आणलेल्या कणावर प्रयोगशाळेत प्रकाश सोडला, तर अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि कण मंदपणे उजळतो. तो उजेड मोजून कणाने शेवटचा सूर्य केव्हा पाहिला हे सांगता येते. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत अशोक सिंघवी आणि सहकाऱ्यांनी या पद्धतीने थरच्या वालुकागिरींचा सुमारे दोन लाख वर्षांचा इतिहास उलगडला. डीडवाणाजवळची ‘१६ आर’ ही वालुकागिरी त्यातली प्रसिद्ध जागा. तिथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे व्ही. एन. मिश्र यांनी उत्खनन करून वाळूच्या थरांत अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे शोधली होती. हत्यार सापडले तो थर आणि त्या थरातील वाळूचे वय, या दोन नोंदी जुळल्या त्या एकाच पत्त्यावर.

पत्ते पुसले जात आहेत

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. महामार्ग आणि दृश्यांश यांचे नाते दुहेरी आहे. रस्ता टेकडी कापतो तेव्हा नवा दृश्यांश जन्माला येतो. भूशास्त्राने रस्तेबांधणीचे हे ऋण मान्यच केले पाहिजे. पुढे रस्ता रुंद होतो, तेव्हा तोच काप खरवडला जातो, भरावाखाली जातो किंवा भिंतीआड होतो. खाणींचेही तसेच. शिवाय आज थरमध्ये सौर आणि पवन ऊर्जेचे मोठे प्रकल्प उभे राहत आहेत. ऊर्जा हवी, रस्ते हवेत, दगडही हवा. यांतले काहीच थांबवा असे सांगण्याचा अधिकार भूशास्त्राला नाही. कुठे थांबावे हे सांगण्याचे कर्तव्य मात्र आहे. आणि ते सांगायचे तर पत्त्यांची वही अभियंत्याच्या, तहसीलदाराच्या, सरपंचाच्या आणि शिक्षकाच्या हातीही असावी लागते. एखादी टेकडी महत्त्वाची आहे हे केवळ परिषदेच्या प्रतिनिधींना ठाऊक असेल, तर बुलडोझर चालवणाऱ्याला दोष कसा द्यावा?

भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशभरात तीसहून अधिक राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारके घोषित केली आहेत. राजस्थानचा त्यांत मोठा वाटा आहे. तथापि पुरातत्त्वीय स्मारकांना १९५८ च्या कायद्याचे जे संरक्षण मिळाले, तसा स्वतंत्र कायदा या स्मारकांच्या पाठीशी नव्हता. ही उणीव भरण्यासाठी खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भूवारसा स्थळे आणि भूअवशेष यांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा जनतेच्या सूचनांसाठी प्रसिद्ध केला. मसुदा निघाला हेच पाऊल महत्त्वाचे होते. पण कायदा मोजक्या स्थळांना कुंपण घालू शकतो. साऱ्या महामार्गाला नाही. उरलेल्या शेकडो लहान दृश्यांशांना वाचवू शकेल ती केवळ ओळख.

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळता येणार नाही. पत्ता छापला की चोरही तो वाचतो. जीवाश्म उचलून नेणारे, विकणारे आणि हौसेने हातोडा चालवणारे लोक मार्गदर्शिकेचेच बोट धरून येऊ शकतात. म्हणून काही अभ्यासक नाजूक जागांचे अचूक स्थान मुद्दाम उघड करत नाहीत. हा सावधपणा योग्य आहे. एकुलता एक ठसा, सुटे हाड, हातात मावेल असा जीवाश्म यांचा पत्ता संस्थेच्या नोंदवहीतच राहावा. परंतु संपूर्ण टेकडी कोणी खिशात घालून नेत नाही. विसंगतीची सीमा, हिमनदीच्या गोलाश्मांचा थर, समुद्राच्या चुनखडकाचा कडा, यांना धोका आहे तो चोरापेक्षा अज्ञानाचा. त्यांचे पत्ते गुप्त ठेवणे म्हणजे त्यांना बेवारस ठेवणे होय. कोणता पत्ता झाकावा आणि कोणता उघडा करावा, हा विवेक मार्गदर्शिका लिहिणाराचा पहिला गुण असला पाहिजे.

दुसरा प्रश्न भाषेचा. ब्लॅनफर्ड यांच्या टिपणांपासून २०१४ च्या परिषदेपर्यंत थरच्या खडकांचा शास्त्रीय पत्रव्यवहार इंग्रजीत झाला. ज्या लाठीचे नाव जुरासिक खडकाला दिले, त्या लाठीच्या शाळेतल्या मुलीला तो खडक तिच्या भाषेत वाचता आला पाहिजे. रेजाणी पाणी ओळखणाऱ्या समाजाला हे वाचन परके नाही. त्याच्या हाती फक्त दुसऱ्या बाजूचे पान द्यायचे आहे.

विद्यार्थ्यांना यात करण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्या नित्याच्या रस्त्यावरचा एक काप निवडावा. किलोमीटरचा दगड, दिशा आणि स्थानांक नोंदवावेत. प्रमाण कळण्यासाठी खडकाजवळ पट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, थरांचा क्रम खालून वर लिहावा, आणि काय दिसते ते व त्यावरून काय वाटते ते या दोन गोष्टी निरनिराळ्या रकान्यांत लिहाव्यात. हातोडा घरी ठेवावा. एक वर्षाने पुन्हा त्याच जागी उभे राहून पाहावे. भौतिकशास्त्राच्या प्रयोगवहीची हीच शिस्त आहे. केवळ प्रयोगशाळा रस्त्याकडेला हलली आहे.

ओल्डहॅम कोळसा शोधायला गेले आणि थरांची नावे घेऊन परतले. २०१४ चे पाहुणे ज्ञात थर पाहायला गेले आणि पावलांचे ठसे पाहून आले. पुढच्या अभ्यासकाला तिथे काय दिसेल, हे आज कोणीच सांगू शकत नाही. त्याला पाहता यावे म्हणून ती टेकडी तिथे असली पाहिजे, आणि ती कुठे आहे हे त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या माणसाला माहीत असले पाहिजे.